ओरसेर साहेबांचा चुकीचा विमा

ओरसेर साहेब कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, माणसांना नंतर. दारातून आत पाऊल टाकलं की उजव्या हाताचं बोट वाकवून भिंतीवर टकटक करायचं, मग कान लावायचा, डोळे मिटायचे आणि आतून कोणी उत्तर दिल्यासारखी मान हलवायची. तोवर यजमान हात जोडून ताटकळत उभा. भिंतीशी बोलणं संपलं की मग साहेब त्याच्याकडे वळत आणि म्हणत, "हं. काय म्हणता?"

म्हणजे भिंत काय म्हणाली ते ऐकून झालं, आता तुमचं ऐकतो.

त्यांचं खरं नाव भाऊराव गजभिये. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, तिथून रिटायर होऊन पांढुर्ण्यात राहायला आले. 'ओव्हरसियर' हा शब्द आमच्या गावाच्या तोंडात मावेना, म्हणून त्याचा 'ओरसेर' झाला. पोरासोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ओरसेर साहेबच म्हणत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत, आणि त्या दोन खोल्यांत एक रेघसुद्धा तडकलेली नव्हती.

रिटायर झाल्यावर लोक गीता वाचतात, बुद्धविहारात जातात, नाहीतर सुनेशी भांडतात. ओरसेर साहेबांनी घरं पाहायला घेतली. तिगावपासून मोहगावपर्यंत कोणी जुनं घर विकत घेणार असलं की तो आधी साहेबांना घेऊन जाई. साहेब खांद्यावर पिशवी अडकवून निघत. पिशवीत भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा, लहान हातोडी, टॉर्च आणि सुताची गुंडी. सगळं घर धुंडाळून निकाल एका शब्दात देत. पास, नापास, किंवा 'कच्चं पास'. कच्चं पास म्हणजे घ्या, पण पावसाळ्यात पाहुणे बोलावू नका.

"बाहेरून रंग मारला तं कोणतीही भिंत नवरीच दिसते," ते म्हणत. "आतून काय म्हणून राहिली ते पाहा लागते."

मोहगावच्या एका शेटजींनी घर विकताना साहेबांना आधी पोट भरून पोहे खाऊ घातले, वरून जिलबी. साहेबांनी सगळं मनापासून खाल्लं, हात धुतले आणि निकाल दिला, "पोहे पास. जिलबी पास. घर नापास." एकदा गावातल्या एका तेरवीला आम्ही सोबत गेलो होतो. सगळे खाली माना घालून बसलेले. साहेबांची नजर वर आढ्याकडे. बराच वेळ वर पाहून ते मृताच्या मुलाच्या कानाशी वाकले आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "बाबूजी गेले, लय वाईट झालं. पण तुमचं ते मधलं लाकूडही जाऊन राहिलं." त्यानंतर अर्धी पंगत दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

म्हणून लोक त्यांना घर घ्यायला बोलवत, घरी मात्र फारसं कोणी बोलवत नसे.

आता माझ्याबद्दल. मी विम्याचा एजंट. जीवनविमा नाही, बाकी सगळा. दुकानं, बैल, मोटारपंप, संत्र्याचे ट्रक. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात, त्या गावात अपघाताचा विमा विकणं सोपं असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. कंपनीलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं. दुसऱ्या वर्षी पोळा जवळ आला की माझ्याकडचे फॉर्म काढून घेण्यात आले.

मी किती हुशार एजंट होतो त्याचं एक उदाहरण देतो. मी स्वतःचं घर घेतलं ते ओरसेर साहेबांना न विचारता. एजंट माणूस, मला कोण फसवणार? साहेब चहाला आले, टकटक केली, कान लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, चहा झकास हाये. पण या कोपऱ्यात बसून प्याचं मन नाई होऊन राहिलं." आम्ही हसलो. त्याच पावसाळ्यात तो कोपरा खाली आला. बायको म्हणाली, "जाऊ द्या, विमा असेलच." मी अख्ख्या पांढुर्ण्याच्या घरांचे विमे उतरवले होते. एक सोडून.

तर एकदा छिंदवाड्याहून आमचे अधिकारी आले आणि म्हणाले, "नवा प्रकार निघालाय. डॉक्टर, वकील, नकाशे काढणारे, जे जे लोक सल्ला देऊन पैसे घेतात त्यांच्या चुकीचा विमा. सल्ला चुकला, गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर कंपनी भरून देणार. तुमच्या भागात कोणी आहे का?"

डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला, माझ्या चुका बोलायला परत येत नाहीत. वकिलाने मलाच सल्ला दिला आणि फी मागितली. उरले ओरसेर साहेब. घर पाहून मत देणं हाच त्यांचा धंदा. मी गेलो.

"कशाचा विमा?"

"चुकीचा."

"चुकीचा विमा मी कायले घेऊ? बरोबर असलेला दे ना."

"तसं नाही, साहेब. तुमच्या हातून चूक झाली तर..."

"म्हणजे मी चुकीन असं म्हणून राहिला तू?"

"चुकणार नाही, पण समजा..."

"समजा कायले समजू? समजून समजून पूल पडते."

मी तीन चकरा मारल्या. शेवटी त्यांना पटवलं ते विम्याने नाही, एका शब्दाने. पॉलिसीवर नावासमोर धंदा लिहावा लागतो. मी म्हटलं, "तिथे छापून येईल, भाऊराव गजभिये, गृहपरीक्षक." साहेब थांबले. "काय म्हणाला?" "गृहपरीक्षक." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी हुद्दा दिला नव्हता. "छापून येते? का हातानं लिहिते?" "छापून." "मंग आण."

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. आजवर व्यवसायात झालेल्या चुका? साहेबांनी सुंदर अक्षरात लिहिलं, निरंक. पुढे होण्याची शक्यता असलेल्या चुका? निरंक. छिंदवाड्याच्या अधिकाऱ्याने तो फॉर्म वाचून विचारलं, "अशा माणसाला विमा हवाच कशाला?" मी म्हटलं, "शब्द आवडला म्हणून." पॉलिसी आली तेव्हा साहेबांनी तिला काचेची फ्रेम केली. खिळ्यासाठी भिंतीवर योग्य जागा शोधण्यात बरेच दिवस गेले, पण ती लागली, आणि आल्यागेल्याला दिसू लागली.

साहेबांच्या भिंतीला भिंत लागून मेश्राम गुरुजींचं घर. गुरुजींची एकुलती मुलगी सुनंदा बोरगावच्या शाळेत शिकवायची. सौंसरच्या पोस्टातला प्रकाश नावाचा मुलगा तिला सांगून आला होता. सांगून आला म्हणजे काय, पोस्टाच्या खिडकीतून दोघांनी एकमेकांना बरंच पाहून झालं होतं. सुनंदा आठवड्यातून किती पोस्टकार्डं घेते यावरून अख्ख्या आळीला अंदाज आला होता. फक्त मोठ्यांनी रीतीप्रमाणे जाऊन यायचं बाकी होतं.

आमच्याकडे रीत अशी, की मुलीकडचे मोठे लोक आधी मुलाकडे जातात. त्याला 'घर पाहायला जाणं' म्हणतात. जातात मुलाला, आईबापाला, घरातल्या वागण्याला पाहायला. घराकडे कोणी पाहत नाही. मुलीचा बाप एकटा जात नाही, सोबत काका-मामा लागतात. गुरुजींना भाऊ नाही. तेव्हा सुनंदाच म्हणाली, "भिंतीपलीकडच्या काकांना न्या ना. दरसाल पावसाच्या आधी आपल्या छपराचे कवेलू कोण फेरते? न सांगता शिडी लावून वर चढतात. ते नाहीत तर मग काका कोण?"

गुरुजी शाळेच्या कामात होते, साहेब नेमके बाहेर गेले होते, म्हणून निरोप माझ्याकडे आला. गुरुजी म्हणाले, "सुनंदाचे काका म्हणून रविवारी सौंसरला घर पाहायला यायचंच आहे, असं सांगा."

मी विम्याचा माणूस. पॉलिसीतलं लांबलचक वाक्य गिऱ्हाइकाला दोन शब्दांत सांगायची मला सवय. साहेबांना गाठून म्हणालो, "साहेब, रविवारी गुरुजींसोबत सौंसरला घर पाहायला जायचंय."

साहेब खूश झाले. "गुरुजी सौंसरला घर घेऊन राहिले? बोलले नाई कधी! जातो, जातो. फीचं काही सांगू नको त्याहिले. शेजारधर्म हाये."

आता हे ऐकून मला काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी त्या वेळी शेजारधर्म या शब्दाचं कौतुक करत होतो.

रविवारी गुरुजी, साहेब आणि मी बसने सौंसरला गेलो. साहेबांच्या खांद्यावर पिशवी. गुरुजींना वाटलं, मुलाकडे न्यायला काही खाऊ असेल.

मुलाचे वडील सोमकुवरजी दारातच उभे होते. जयभीम झाला. साहेबांनी भिंतीवर टकटक केली. सोमकुवरजींना वाटलं, पाल चुकचुकली असेल, म्हणून ठोकलं. आत बसलो. चिवडा आला, सोललेली संत्री आली. प्रकाश पाणी घेऊन आला, आधी आईला दिलं, मग आम्हाला. गुरुजी खूश. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की साहेब जागेवर नाहीत. आणि मग वरून, कवेलूंवरून, पावलांचा आवाज आला. सोमकुवरजींच्या नुकत्याच आलेल्या चहात थोडी माती पडली.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"लय भारी मांजर हाये," मुलाची आई म्हणाली.

थोड्या वेळाने साहेब मागच्या दाराने आले. डोक्याला कोळ्याची जाळी, हातात दोरीला लोंबणारा ओळंबा. मुलाची आई घाबरून मागे सरकली. "हे काय वो, नजर उतरवून राहिले का?"

साहेब सरळ गुरुजींसमोर उभे राहिले. "गुरुजी, मागली भिंत चार बोटं बाहेर हाये. खाली काळी माती, पाया उथळ. हे घर घेऊ नका."

सोमकुवरजी म्हणाले, "घेऊ नका? विकून कोण राहिलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. "सारे असेच म्हणते. भाव वाढवाले." आणि सोमकुवरजींना, "बरं, तुम्ही किती म्हणून राहिले?"

"काय किती?"

"किंमत!"

सोमकुवरजी ताडकन उठले. "किंमत? आम्ही जयभीमवाले माणसं आहो! एक पैसा हुंडा मागतला नाई, आन तुम्ही माह्या घरात येऊन किंमत विचारून राहिले?"

"म्हणजे फुकट देऊन राहिले?" साहेब चकित झाले. मग गुरुजींचा हात धरून अगदी जिव्हाळ्याने म्हणाले, "गुरुजी, फुकट देत असले तरी घेऊ नका. फुकटातच माणूस फसते."

यानंतर जे झालं ते मी सांगत नाही. आम्ही चिवडा अर्धवट टाकून बसस्टँडवर आलो, एवढंच. गुरुजी बसमध्ये आमच्यापासून दूर, पुढच्या बाकावर जाऊन बसले. साहेब मात्र समाधानात होते. मोठं नुकसान टाळलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सौंसरहून निरोप आला. सोयरीक होणार नाही.

सुनंदा शाळेत गेली नाही. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे साहेबांना सगळं ऐकू गेलं. भिंतीच्या आत काय चाललंय ते ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणारा नव्हता. तासाभरात ते माझ्या दारात, आणि काखेत फ्रेमसकट पॉलिसी.

"काढ," ते म्हणाले.

"काय काढू?"

"क्लेम. चूक झाली."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्यांनाही तो जड गेला असावा, कारण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गुरुजीची पोरगी रडून राहिली. माह्या मतानं नुकसान झालं ना? मंग विमा भरून देते म्हणाला होता तू. सोयरीक भरून द्या."

मी समजावलं. ऐकेनात. त्याच आठवड्यात छिंदवाड्याचे अधिकारी पांढुर्ण्यात आले, तेव्हा साहेब फ्रेम घेऊन त्यांच्यासमोर बसले. अधिकारी भला माणूस. त्याने रीतसर विचारायला सुरुवात केली.

"नुकसान किती, ते रकमेत सांगा."

"तुम्हाले पोरगी हाये?"

"आहे."

"तिचं रकमेत सांगा."

अधिकाऱ्याने पुढचा प्रश्न घेतला. "तुमचं मत चुकलं का?"

"नाई. भिंत बाहेरच हाये. चार बोटं."

"मग चूक काय?"

"चूक अशी, का मी बरोबर सांगतलं."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. "बरं, फी घेतली होती?"

"नाई."

"तुम्ही तिथे कोणत्या नात्याने गेला होता? कोणी बोलावलं, काय म्हणून बोलावलं?"

आता मला तोंड उघडणं भाग होतं. मी म्हणालो, "मुलीचे काका म्हणून."

"मग नाही बसत," अधिकारी म्हणाला. "धंदा म्हणून दिलेला सल्ला असेल तर विमा लागू. घरच्या माणसाने घरच्यांना काय सांगितलं, ते यात येत नाही."

ओरसेर साहेब माझ्याकडे वळले. "कोण काका?"

"तुम्ही."

"मले तं ओरसेर म्हणून बोलावलं होतं."

"नाही, साहेब. निरोप काका म्हणून होता. मी सांगताना तेवढं गाळलं. घर पाहायला म्हणजे सोयरिकीचं घर."

त्यांनी मांडीवरची फ्रेम टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी म्हणाले काका?"

"सुनंदा म्हणाली. तिनेच नाव काढलं तुमचं."

साहेबांनी फ्रेम उचलली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "मंग तुमचं बराबर हाये. नाई बसत." इतक्या आनंदाने सोडून दिलेला क्लेम मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन सौंसरला निघाले. गुरुजींना सांगितलं नव्हतं. पिशवी नव्हती. धुतलेला सदरा, आणि हातात मिठाईचा पुडा, तोही दोन्ही हातांनी धरलेला. सोमकुवरजींनी दार अर्धवट उघडलं.

"आता काय पाहाले आले?"

साहेब म्हणाले, "मी पोरीचा काका आहो. मांगच्या रविवारी मले मालूम नव्हतं."

"काय मालूम नव्हतं?"

"का मी काका आहो म्हणून."

सोमकुवरजींनी दार थोडं आणखी उघडलं. मी मधे पडून निरोपाचा घोटाळा सांगितला, सगळा दोष माझ्यावर घेतला. तो माझाच होता, त्यामुळे फार अभिनय करावा लागला नाही. मुलाची आई आतून ऐकत होती. 'फुकट देत असले तरी' या ठिकाणी तिला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. प्रकाश तिच्या मागे उभा होता, आणि त्याला मात्र हसू येत नव्हतं. त्याचं सगळं या दोन म्हाताऱ्यांवर येऊन अडलं होतं.

सोमकुवरजी मात्र अजून घुश्शात होते. "ते ठीक हाये. पण माह्या भिंतीचं काय? आता तं सरळ झाली का ते?"

एक 'हो' म्हणायचा प्रश्न होता. साहेबांनी एकदा प्रकाशकडे पाहिलं, एकदा मागच्या दाराकडे.

"भिंत बाहेर हाये," ते म्हणाले. "खोटं कसं सांगू? पण तुमचं पोरगं ओळंब्यात हाये. त्या दिवशी पाणी आणलं, आधी मायले देल्लं. मी छपरावर चढाच्या आधी पाहलं ते. तेच पाहाले बोलावलं होतं मले, आन तेच सांगाचं राहून गेलं." मग अवघडून, "भिंतीचं मी पाहतो. दर रविवारी येतो, बाहेरून दगडाचा पुश्ता बांधून टेकू देतो. मजुरी नाई घेत."

सोमकुवरजी दार पूर्ण उघडून म्हणाले, "पोरीचा काका मजुरी घेत असते का? या, बसा. चहा थंडा होऊन राहिला."

चहा अजून ठेवलासुद्धा नव्हता. मुलाची आई लगबगीने आत गेली.

परतीच्या बसमध्ये साहेब खिडकीशी बसले. बाहेर संत्र्यांचे बगीचे मागे जात होते आणि ते त्याकडे न पाहता स्वतःच्या हातांकडे पाहत होते. मग म्हणाले, "विमेवाले."

"जी."

"लग्नात काकाले काय काय करा लागते?"

माझ्या तोंडात थट्टेची मोठी यादी तयार होती. पंगतीत तूप वाढावं लागतं, नवरदेवाचे जोडे सांभाळावे लागतात, रुसलेल्या व्याह्याला खांद्यावर घेऊन नाचावं लागतं. पण ते उत्तराची वाट पाहत होते आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "विशेष काही नाही. पोरीच्या मागे उभं राहायचं."

"बस?"

"बस. फोटोत येईल असं."

"फोटोत," ते म्हणाले, आणि सदऱ्याची कॉलर उगाच सारखी केली. मग थोडं माझ्याकडे झुकून, हळूच, "आन बाकीचे लोक उभं राहू देते मले तिथं?"

मी हो म्हटलं. एकदा सांगून त्यांचं भागलं नाही. पांढुर्णा येईपर्यंत त्यांनी मला ते पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी दर वेळी नव्याने हो म्हणत गेलो.